टाळीदादाची खोली

कुणाच्याही घरात शिरला की टाळीदादा आधी टाळी वाजवायचा. राम राम नाही, पाणी नाही. चपला काढल्या की खोलीच्या मधोमध उभं राहून एकच खणखणीत टाळी, आणि मग मान तिरकी करून ऐकत राहणं. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा थेट स्वयंपाकघरात जाऊन वाजवली. माझ्या आईला वाटलं, डास मारला. "मेला का?" तिने विचारलं. "लय घुमतंय काकू," तो म्हणाला, "पत्र्याचा दोष हाय." आई बिचारी कितीतरी वेळ पत्र्याकडे बघत राहिली.

त्याचं खरं नाव रोहिदास. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं, तिथे त्याचं घर. आमचं गाव त्याच्या जरा अलीकडे. नात्याचा कुणी नव्हे, पण वयाने मोठा म्हणून मी दादा म्हणायचे. आधी तो लग्नाच्या डीजेवर खोकी उचलायचा. त्या दणदणाटाचा त्याला असा काही वीट आला की ते काम सोडून तो मुरबाडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला, आणि पाळी सुटली की घरी येऊन हौशी लोकांची गाणी रेकॉर्ड करायला लागला. भजनी मंडळं यायची, गिटारवाली पोरं यायची, एक एसटीचा कंडक्टर यायचा. त्याला बासरी सोडून सगळं वाजवता यायचं आणि तो बासरीच घेऊन यायचा.

टाळीची सवय इतकी हाडात मुरली होती की एकदा त्याने सुतकाच्या घरात वाजवली. घर नवं, स्लॅबचं, सामान बाहेर काढलेलं, खोली रिकामी. भेटायला गेलेला हा माणूस उंबरठा ओलांडतो काय आणि टाळी वाजवतो काय! गेलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा अंगावरच धावून आला. चार जणांनी मध्ये पडून सोडवलं. रस्त्यात मी त्याला फैलावर घेतलं, तर हा स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणतो, "काय करू गो, हात ऐकत नाय माझा." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

त्याची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे घरामागची भात साठवायची अंधारी कोठी. मोबाइलवर बघून आधी त्याने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. ते उंदरांनी महिन्याभरात खाल्ले. मग भातगिरणीतून तूस आणून गोण्या भरल्या आणि तीन भिंतींना छपरापर्यंत रचल्या. दाराला गोधड्या टांगल्या. मध्ये एक टेबल, जुना कॉम्प्युटर, साउंडकार्डाची एवढीशी डबी आणि कल्याणहून आणलेला सेकंडहँड माइक. त्याचा स्टँड मोडला तेव्हा त्याने तो पायजम्याच्या नाडीने वाशाला लटकवला आणि नंतर तसाच राहू दिला. आत गेलं की आपलाच श्वास कानात यायचा. बाहेर आलं की अंग खाजायचं. मी दर वेळी शिव्या घालायचे आणि दर वेळी जायचे.

मी तेव्हा मुरबाडला एका मेडिकलमध्ये बसायचे आणि मोबाइलवर बघून गिटार शिकले होते. गिटार पाठीला लावून एसटीत चढले की गावातल्या बायका एकमेकींना कोपरं मारायच्या. "हिचा नवरा बिचारा भाकरी मागंल तर ही गानी देईल!" टाळीदादा मात्र कधी हसला नाही. त्याने मला स्टुलावर बसवलं, माइक गिटारच्या भोकासमोरून सरकवला आणि गिटारची मान जिथे तिच्या अंगाला मिळते तिथे आणला. "भोकासमोर नुसतं ढब ढब येतं," म्हणाला. मग माझं गाणं मला ऐकवलं. मला इतकी लाज वाटली की गोणीत तोंड लपवावंसं वाटलं. तो म्हणाला, "गळ्याचं काय, उद्या सुधारंल. पन घुमलेली खोली एकदा गाण्यात गेली ना, की पुसता येत नाय. म्हनून खोली आधी." हे तो सगळ्यांना सांगायचा.

गाणं घ्यायचं म्हणजे आधी गाव गप्प करायचं. शेजारणीला मिक्सर लावू नको म्हणून सांगायचं, कोंबड्या डालायच्या, घाटातून उतरणारा ट्रक पुरता लांब जाईपर्यंत थांबायचं. घरातला फ्रिजसुद्धा बंद करायचा. तो परत चालू करायची आठवण राहावी म्हणून मोटारसायकलची चावी फ्रिजमध्ये ठेवायचा. चावी घ्यायला गेला की फ्रिज आठवणार. एकदा गाण्याच्या नादात तो चालतच बाहेर गेला आणि दूध नासलं. त्याच्या आईने जे काही सुनावलं ते माइक चालू असता तर लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकलं असतं.

त्याची आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवले म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. हळद लागताना, मांडवात, नवरी निघताना, प्रत्येक वेळचा धवला वेगळा, आणि त्यात जागोजाग नवरा-नवरीची नावं गुंफायची. कुठे काही लिहिलेलं नाही, सगळं तोंडपाठ. आजूबाजूच्या गावांत आता ती एकटीच उरली होती. सगळे तिला आयच म्हणायचे. टाळीदादाने ती सगळी खटपट, ती खोली, तो माइक, सगळं खरं तर तिच्यासाठी मांडलं होतं. आमची गाणी म्हणजे नुसती हात बसवायची तालीम. आयचे धवले घ्यायचे, तिचा गळा आहे तोवर घ्यायचे, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात करायची होती.

आणि आय त्या खोलीत गायला तयार नव्हती. "मांडव नाय तर धवला नाय," तिचं ठरलेलं उत्तर. बिनलग्नाचा धवला म्हटला तर कुणाच्या तरी घरातलं शुभकार्य मोडतं, असं तिला तिच्या सासूने सांगितलेलं. त्याने हरप्रकारे करून पाहिलं. तुळशीच्या लग्नाला अंगणात माइक लावून बसला, म्हणाला, "हे पन लगीनच हाय ना?" आयने लगेच धुडकावलं, "देवाचं लगीन भटाचं. मी मानसांच्या लग्नात गाते." लोकांच्या लग्नात जाऊन घ्यावं, तर मांडवाच्या दारात डीजे. त्या धडधडीत आयचे ओठ हलताना दिसायचे, एवढंच.

"तुझ्या दारात मांडव घाल, मग दोन दिस गाईन. घे काय घ्यायचं ते," असं ती त्याला म्हणायची. पण मांडव घालायला मुलगी हवी ना! जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न, नोकरी पर्मनंट आहे का? आणि जिथे तो प्रश्न विचारायचा राहिला, तिथे या शहाण्याने पोह्यांच्या आधीच टाळी वाजवली. वय वाढत गेलं. इकडे आयला खोकला लागला. तिचं औषध मीच काढून द्यायचे. एकदा डॉक्टरची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवून तो हळूच म्हणाला, "गळा चाललाय गो तिचा. वरचा सूर लागत नाय आता." त्या दिवशी त्याचा चेहरा मला बघवला नाही.

मग माझं लग्न ठरलं. नवरा आसनगावचा, नाव महेश. मी घरात जाहीर केलं की हळदीला आय धवले म्हणणार आणि तेवढा वेळ डीजे बंद राहणार. भावाने आकांडतांडव केलं, वडील म्हणाले लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, माझी हळद आहे. टाळीदादा दोन दिवस आधी येऊन आमच्या अंगणात टाळ्या वाजवून गेला. मांडवाच्या एका बाजूला त्याने ताडपत्री आणि घरातल्या सगळ्या सतरंज्या लावून घेतल्या. एवढा खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

हळदीच्या दुपारी नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. डीजे बंद झाला. आय माझ्यासमोर पाटावर बसली, हातात हळदीची वाटी. बायकांनी गराडा घातला. टाळीदादा बाजूला उसना आणलेला लॅपटॉप घेऊन, कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून बसलेला. आयने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मांडवाच्या दारी कोन उभा गो, हळदीच्या अंगानं कोन उभा. मागून बायका ओळ उचलत होत्या. आणि नवऱ्याचं नाव घ्यायची जागा आली तेव्हा आयने महेश म्हटलं नाही. तिने रोहिदास म्हटलं.

एकदा नाही, त्या कडव्यात दोनदा. मागच्या बायकांची ओळ तुटली. कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. वाट बघून बघून त्या म्हातारीच्या मनात एकच नवरा उरला होता, हे कळायला काय मोठी अक्कल लागते? पण महेशची मावशी ताडकन उठली. "हे काय चाललंय? कोण हा रोहिदास?" नेमका तो तिथेच माइक लावून बसलेला! मग काय विचारता. कुजबुज, खुसपूस, माझ्या वडिलांचा चेहरा पांढरा. मी ओरडून सांगत होते की अहो, चुकून झालं, तो मला भावासारखा आहे. नवरीचं कोण ऐकतं?

"हे उद्या मोबाइलवर फिरलं तर आमची काय अब्रू राहील?" मावशी म्हणाली. महेशचे मामा टाळीदादासमोर जाऊन उभे राहिले. "पुसून टाक." तो म्हणाला, "तेवढी ओळ काढतो. बाकीचं राहू द्या. आय परत गायची नाय." मामा म्हणाले, "सगळं पूस. आमच्यासमोर." टाळीदादाने माझ्याकडे पाहिलं, मग आयकडे. आयला काय झालंय ते आत्ता उमजलं होतं आणि ती हळदीचे हात तोंडावर धरून बसली होती. त्याने सगळं पुसलं. मामांनी वाकून खात्री केली. लगेच डीजे लागला.

माझं लग्न व्यवस्थित पार पडलं. महेशला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, "नावच तर होतं, एवढं काय त्यात?" भला माणूस आहे, पण तो हळदीला तिथे नव्हता त्याला तो तरी काय करणार. पुढे आयला कुणी लग्नाला बोलावलं नाही. भलत्याचं नाव घेणारी धवलारीण कुणाला हवी? तिनेही तोंड मिटलं ते मिटलंच. भातकापणीच्या दिवसांत ती गेली. मी मयताला गेले होते. मला त्या मावशीचा आजही राग येतो. सणावाराला तिच्या पाया पडते आणि मनातल्या मनात भांडते.

मी आता शहापूरला मेडिकलमध्ये असते. गेल्या वर्षी एका सकाळी टाळीदादा काउंटरसमोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात बॅग. माइक, साउंडकार्ड, सगळं खर्डीच्या एका गिटारवाल्याला देऊन टाकलं म्हणाला. तूस कोंबड्यांखाली घातलं. आता गुजरातमध्ये एका गोडाऊनला काम मिळालंय, राहायची सोयही तिथेच. मी म्हटलं, "दादा, खरं सांग. त्या दिवसाची एखादी कॉपी ठेवली असशील ना कुठे?"

"नाय गो. तुझ्या संसारात माझं नाव कशाला ठेवू?"

शेल्फातल्या बाटल्यांकडे बघत तो म्हणाला, "एक विचारू? कशी गायली गो आय?"

मला कळेना. "कशी म्हणजे? तू तर कानाला लावून बसला होतास."

"लावलेला. पन मी लॅपटॉपवर आवाजाचा काटा बघत व्हतो. मागं कोनी तरी कुकर लावलेला, त्याची शिट्टी कवा होईल त्याच्याच धाकात. म्हटलं, आता नीट पकडू, घरी जाऊन निवांत ऐकू. मी ऐकलंच नाय. नाव घेतलं तेबी बायका हसल्या तवा समजलं."

समोर एक गिऱ्हाईक गोळ्यांसाठी खोळंबलं होतं, ते खोळंबून राहिलं. मी सांगायला लागले. सुरुवातीला गळा खरखरत होता, खोकला येईल असं वाटत होतं. मग दुसऱ्या ओळीला तो मोकळा झाला. तुला वाटायचं ना वरचा सूर गेला? गेला नव्हता, लागला. तिने डोळे मिटलेले होते. तुझं नाव आलं तिथे ती जराही अडखळली नाही. लांबवलं ते नाव तिने, पुरता श्वास संपेपर्यंत. आणि घेताना हसली.

तो काउंटरला दोन्ही हात टेकून ऐकत होता.

"हसली?"

"हसली रे दादा. मी समोरच होते."

त्याने बॅग खाली ठेवली. "परत सांग," म्हणाला.

मी पहिल्यापासून सांगायला लागले.