कंटाळ्यात शिकलेले आकडे

मंडळी, आज कुंभार पिंपळगावला आमची चांगलीच फजिती झाली. उद्या तहसीलला जमिनीचा जुना सर्वे नंबर द्यायचाय अन् कागद निजामाच्या काळातला, पुरा उर्दूत! मी अन् भाऊ तासभर मोबाईल घेऊन त्याच्याशी झटलो. तेवढ्यात नेटवर्कच गेलं.

वडिलांची आत्या, आमची काशीआजी, नव्वदीची. शाळेचं तोंड पाह्यलेलं न्हाई. तिनं कागद उजेडात धरला. "हे बेचकं, म्हंजी सात. हे ठोकलेलं पाल, तंबूवानी, म्हंजी आठ. अठ्ठ्याहत्तर."

भावानं विचारलं, "आजी, तुला कसं येतं?"

"शहागडच्या सडकेला मेंढरं राखायचे. मेंढरं चरतेत, आपुन काय करावं? लई कटाळा यायचा. मंग मैलाच्या दगडावरचे उर्दू आकडे बघायचे, गाडीवानाला विचारायचे अन् मातीत गिरवायचे."

नेटवर्क आल्यावर जालन्याच्या एका उर्दू मास्तरांना फोटो पाठवला. बिलकुल बराबर, अठ्ठ्याहत्तरच!

माझी लेक सकाळपासून "बोर होतंय, मोबाईल दे" म्हणून मागं लागली होती. रोज देतो. आज खिशातच ठेवला. ती रुसून अंगणात जाऊन बसली.

थोड्या वेळानं आवाज आला, "आजी, उर्दूतला पाच कसा असतो?"

आजीनं काडी उचलली अन् मातीत पिंपळाचं उलटं पान काढलं.

लेकरांच्या कंटाळ्याला आपण एवढं का भितो हो? त्या दगडापाशी आजीच्या हातात मोबाईल असता, तर आज अठ्ठ्याहत्तर कुणी वाचला असता?