नॉरफोकच्या किनाऱ्यावर मुऱ्हाळी

वाशिंदच्या लोकांना समुद्र बघायचा तर ते अलिबागला जातात, फार तर दापोलीला. आम्ही गेलो थेट इंग्लंडला, तेही सात आणि तीन वर्षांची पोरं घेऊन. हे सांगितलं की समोरचा आधी आमच्याकडे निरखून बघतो आणि मग विचारतो, "लॉटरी लागली काय?"

लॉटरी नाही, बहीण. वैजू माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सहा वर्षं झाली तिला तिकडे जाऊन, आणि या सहा वर्षांत ती एकदाही घरी आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. तिने सगळं मोबाइलवर पाहिलं. पुढे पासपोर्ट सुटला, तरी ती आली नाही. दर वेळी काहीतरी कारण निघायचं.

निघण्याआधी शेणव्याला आईला भेटायला गेलो. सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला आमच्याकडे घरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. हे काम भावाचं, पण आम्हा दोघींना भाऊ नाही.

"फिरायला जाताव ते जा," आई म्हणाली, "पन या वक्ताला मुऱ्हाळी तूच. तिला घेऊनच ये गो."

"आई, ते काय शेजारचं किन्हवली आहे?"

"मुऱ्हाळी दारात उभा राहिला का पोरगी नाय म्हनत नाय."

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. परतीच्या विमानात जागा रिकाम्या आहेत का, हे मी निघायच्या आधीपासून रोज बघत होते.

आता तुमच्या कामाचं. लहान पोरांना घेऊन तिथला किनारा निवडायचा तर फोटो बघून भुलू नका. वैजूने तीन जागा सुचवल्या होत्या. पहिली दक्षिणेला. समुद्रात शिरलेला लांबलचक पूल, पाळणे, रोषणाई, आमची थोरली गार्गी तर फोटो बघूनच नाचायला लागली. पण तिथे वाळूच नाही, नुसते गोटे, आणि आमचा ओम अजून हाताला लागेल ते तोंडात घालतो. दुसरी जागा चित्रासारखी, पण गाडीने सहा तास. मुरबाड सोडून माळशेज घाट चढेपर्यंत गार्गी दोनदा ओकते, त्यामुळे ती बाद. तिसरी नॉरफोक. लंडनहून तीन-साडेतीन तास, रस्ता सपाट, किनाऱ्याला वाळू, पाणी उथळ, संडास जवळ, आणि राहायला स्वयंपाकघर असलेली कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. पोरांना वरण-भात करून घालता येतो, याहून मोठी सोय नाही. तिथल्या शाळांना सुट्टी लागायच्या आधी जा. सुट्टीच्या आठवड्यात भाडं चांगलंच चढतं.

वैजूच्या नवऱ्याला रजा नव्हती. ती तिच्या चार वर्षांच्या ईराला घेऊन आम्हाला विमानतळावर घ्यायला आली. मिठी मारली तेव्हा तिची हाडं हाताला लागली. गाडीत ती सारखी बोलत होती, पण शेणव्याचा विषय निघाला की पोरांना बिस्किटं द्यायला मागे वळायची.

मे महिना असूनही वारा असा की स्वेटर काढायची सोय नाही. इंग्रज मंडळी कापडाचा आडोसा करून, जाकिटं घालून, मजेत वाळूत बसलेली. ओमने पाण्यात पाय घातला आणि लगेच काढला. "आई, समुद्र फ्रिजमध्ये ठेवलेला का?" दुपारी तळलेला मासा आणि बटाटा खाल्ला. मासा ताजा, फडफडीत, पण मसाल्याचा पत्ता नाही. संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खिशातून लसणीच्या चटणीची पुडी काढली तेव्हा वैजू इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नंतरही बराच वेळ थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर समुद्र गायब. जिथवर नजर जाईल तिथवर ओला चिखल.

"आमच्या भातसा धरणाचं पाणी नेतात, तसं हेही मुंबईला नेलं की काय?" संदीप म्हणाला.

ओम त्याच्याजवळ आमच्या कापडी आडोशाला थांबला. आम्ही दोघी पोरींना घेऊन आत चालत गेलो. गुडघ्यापर्यंत पँट वर केलेली वैजू एका जागी थबकली. पायाची बोटं चिखलात रुतवून म्हणाली, "ताई, लावणीचा चिखल गो!" तिने वाहून आलेल्या हिरव्या शेवाळाच्या जुड्या केल्या, वाकली आणि लावायला लागली. मग मीही वाकले. पोरींना मधे घेतलं. कुणबिणीचे हात आमचे, एकदा सुरू झाले की ओळ पुरी केल्याशिवाय थांबत नाहीत. लावणी उलट्या पावलांनी, मागे सरकत करतात. तोंड किनाऱ्याकडे, पाठ समुद्राकडे, अशा आम्ही मागे मागे जात राहिलो. वैजूची पाठ अगदी बाबांसारखी वाकते, हे मी इतक्या वर्षांत विसरले होते.

एका कुत्रेवाल्या माणसाच्या ओरडण्याने आम्ही वर पाहिलं. पाणी ईराच्या गुडघ्याला लागलं होतं. वैजूने तिला कडेवर घेतलं, मी गार्गीला ओढलं आणि आम्ही पळत सुटलो. म्हणून सांगते, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय आत जाऊ नका. किनाऱ्यावरच्या फलकावर ते लावलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

पोरींना टॉवेलात गुंडाळून संदीप आणि ओमबरोबर कॅरव्हॅनवर पाठवलं. आडोशाला आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "वैजू, मी मुऱ्हाळी म्हणून आले आहे. चल माझ्याबरोबर. विमानात दोन जागा आहेत."

ती पायांवरचा चिखल खरवडायला लागली. मग म्हणाली, "मी आले ना ताई, तर ओटीवर बाबा नसतील. इथं कसं, मी घरी नाय तवर ते शेतावर हायत. येतील आत्ता. तिकडं आले का ते मेलेच."

इंग्लंडला गेल्यापासून ती फोनवर आमच्याशीही शुद्ध बोलायची. त्या दिवशी ती शेणव्याचं बोलली.  मी तिला नुसतं जवळ घेऊन बसले. आडोशाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं आणि आम्ही लावलेल्या ओळी पाण्याखाली गेल्या होत्या.

आम्ही चौघं गेलो, चौघंच परत आलो. पोरांना काय आठवतं म्हणाल, तर गार्गीला वाळूवर लोळणारे सील प्राणी, ओमला कॅरव्हॅनमधला शिडी चढून जायचा वरचा पलंग. मला वैजूची पाठ. ती हवी होती मला, इथे, आमच्या बांधावर. अजून हवी आहे.

शेणव्याला गेलो तेव्हा आई अंगणात येऊन उभी होती. तिने माझ्या खांद्यावरून मागे, गाडीच्या दाराकडे पाहिलं. मी तिला वैजू जे म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं.  आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली.

संध्याकाळी वैजूचा फोन आला. आईचं पहिलं वाक्य सहा वर्षं ठरलेलं असायचं, "कधी येतेस?" त्या दिवशी तिने ते विचारलंच नाही. जेवलीस का, ईराचा खोकला कसा आहे, एवढंच विचारलं. मग मोबाइल दोन्ही हातांत धरून शांतपणे म्हणाली, "तुजे बाबा आजून शेतावरून आले नाय गो. आले का सांगते, तुजा फोन येऊन गेला म्हनून."