पणजीवर घातलेला आळ

मुक्ता, ईशान — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. ते गेले तेही माझ्या खोट्यावर विश्वास ठेवूनच.

परवा फोनवर मुक्ता म्हणाली, "आजी, एमएस्सी झाल्यावर नोकरी धरू की पीएचडी करू? पाच वर्षं जातील, पुढे जागा मिळेलच असं नाही. पण तुला पणजीने शिकू दिलं नाही ना — तुझ्यासाठी तरी करते." मी नुसतं "बरं" म्हटलं. फोन ठेवला, आणि समोरचा चहा तसाच निवून गेला.

पणजीने शिकू दिलं नाही — ही गोष्ट आपल्या घरात आणली कुणी?

सत्तरच्या आसपासचा काळ. मी रसायनशास्त्रात एमएस्सी, पहिला वर्ग. दिघीच्या शेतकरी घरात सून म्हणून आलेली. आजोबा पिंपरीत एका कंपनीत इंजिनिअर. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला संशोधनाची जागा मिळत होती. आम्ही दोघांनी विचार पुष्कळ केला. विद्यावेतन तुटपुंजं, किती वर्षं लागतील सांगता येत नाही, शेवटी कॉलेजात जागा निघाली तर निघाली. उलट कंपनीच्या लॅबमध्ये लगेच कायमची नोकरी. हे सगळं खरंच होतं. पण मी थांबले ती त्यामुळे का?

सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जा की. पोरगं मी बघते." आणि तुमच्या बाबांना — तेव्हा ते नुकते चालायला लागले होते — रोज आपल्या कुशीत निजवायला लागल्या. मी नसताना रडू नये, म्हणून आधीपासून सवय.

मग मी प्रयोगशाळेतल्या सरांना भेटायला गेले. त्यांनी अवघड असं काही विचारलं नाही. चंचुपात्रातलं द्रावण गढूळ झालं होतं, ते दाखवून म्हणाले, "का झालं असेल? अंदाज सांगा." अंदाज! पुस्तकातलं कुठलंही पान मी घडाघडा म्हणून दाखवलं असतं. अंदाज करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. बाजूची मुलं वाद घालत होती, चुकत होती, हसत होती. मी चंचुपात्रावरची मापं वाचत राहिले. सर म्हणाले, "हरकत नाही, सोमवारपासून या. शिकाल हळूहळू."

सोमवारी मी गेले नाही. आजोबांना सांगितलं — सासूबाईंच्या मनात नाही. तोंडाने हो म्हणतात, पण मला कळतं. आजोबांनी आईला कधी विचारलं नाही. मी कंपनीच्या लॅबमध्ये लागले.

गोष्ट मात्र पसरली. हळदीकुंकवाला शेजारच्या कुलकर्णीबाईंनी टोमणा मारला, "काय हो, सुनेला पुढे शिकू दिलं नाहीत म्हणे?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय, न्हाई दिलं. सून माजी हाय." बायका गेल्यावर वाट्या उचलता उचलता एवढंच विचारलं, "भ्यालीस व्हय गं?"

मी वाट्या घेऊन मोरीकडे गेले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर — पण नाही थांबलं. बाबा हायस्कुलात होते. जेवताना एकदा फटकन म्हणाले, "आजी, तुझ्यामुळे आईची पीएचडी राहिली." सासूबाईंच्या हातातली भाकरी तशीच थापली जात राहिली. त्यांनी मान वर केली नाही — मला अडचण नको म्हणून? माझ्या एका वाक्याचं काम होतं. मी आमटी वाढली. त्यानंतर बाबा त्यांच्याजवळ फारसे बसेनासे झाले, ते शेवटपर्यंत.

मुक्ता, तू पीएचडी कर किंवा नोकरी. तो विचार तुझा, आणि त्यात माझं कुठलंही अपुरं स्वप्न नाही. बाबांना मी आज सकाळीच फोनवर हे सगळं सांगितलं. मला, खरं सांगते, किती वर्षांनी छातीभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. आत्ता लिहिताना चहा शेजारी आहे, आणि तो गरम असतानाच पिणार आहे.

वाट्या उचलताना विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलंय.

व्हय, सासूबाई. भ्याले.