काहिलीत बसून उतरलेला ओढा

त्या वर्षी माझं आणि तुळजापूरच्या आईचं बोलणं बंद होतं. म्हणजे माझ्या बाजूनं बंद होतं; तिच्या बाजूचं मला ठाऊक नव्हतं. मी सरकारी नर्स. आधीच्या गावाला कंटाळून मी आईला बदलीचं साकडं घातलं, मंगळवार धरले, आणि आईनं बदली दिलीही. पण दिली ती बालाघाटाच्या डोंगरातल्या अशा गावी, जिथं एसटी फक्त पुढाऱ्यांच्या भाषणात यायची. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, तरी माणसांच्या अंगावरून तो उतरला नव्हता. मी आले आणि लगेच एका वस्तीवरून बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. बाळ माझ्या हातात आलं आणि हातातच गेलं. त्यानंतर कोनाड्यातल्या तसबिरीपुढं मी दिवा लावायची, पण हजेरी लावल्यासारखा. हात जोडायची, शब्द काढायची नाही.

अशातच पावसाळ्यातल्या एका दुपारी ठकूआजी माझ्या दारात येऊन उभी राहिली. घाटाच्या पायथ्याला तिची वस्ती होती. सून अडली होती, आणि सुईणीनं हात टेकले होते. आजी ओढा ओलांडून आली तेव्हा त्यात घोट्याएवढंही पाणी नव्हतं. पण आम्ही पेटी घेऊन निघेपर्यंत वरच्या माळावर असा पाऊस कोसळला, की ओढ्यापाशी पोचलो तर तांबडं पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं. पलीकडच्या काठावर आजीचा मुलगा धोंडिबा उभा होता आणि हातवारे करून काहीतरी सांगत होता. ऐकू काहीच येत नव्हतं, पण लवकर या एवढं कळत होतं.

गावानं त्या सुमारास मोठ्या हौसेनं गुळाची सहकारी सोसायटी काढली होती. सोसायटी निघाली, चेअरमन झाले, गूळ शिजवायची भलीमोठी लोखंडी काहीलही आली. ऊस तेवढा यायचा राहिला होता. त्यामुळं ती काहील पालथी पडून असे आणि तिच्याखाली चेअरमनांच्या कोंबड्या नांदत. आमच्या भागात पुराच्या पाण्यातून माणसं काहिलीत बसवून न्यायची जुनी रीत आहे, म्हणून चेअरमनांनी ती आणवली. सुतळीला दगड बांधून पलीकडे फेकला, सुतळीमागून दोर गेला, दोराचं एक टोक काहिलीच्या कडीत अडकवलं आणि दुसरं धोंडिबाच्या हातात. आम्ही दोघी आत बसलो. चेअरमन काळजीच्या सुरात म्हणाले, "नवी हाय. पोचा येऊ देऊ नका." ते आमच्याबद्दल बोलत नव्हते.

अर्ध्यात गेलो आणि काहील हलकी झाल्यासारखी वाटली. पाहते तर धोंडिबाच्या हातात दोर, दोराला कडी, आणि काहील आमच्यासकट निघालेली. तिथून खाली ओढा सपाट नाही. तो सरळ घाट उतरतो, हत्तीएवढ्या काळ्या धोंड्यांमधून आदळत, फेसाळत. काहिलीबरोबर गूळ ढवळायचा लाकडी दांडाही आला होता; मी घाबरून तो उचलला आणि वल्हवायला लागले. मी उजवीकडे मारलं की काहील डावीकडे गरकन फिरायची, डावीकडे मारलं की उजवीकडे. माझ्या प्रयत्नांनी एकच झालं, आम्ही उलट्या तोंडानं पुढं जायला लागलो. ठकूआजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, ते लाकूड ठिवा खाली. ताक करताव का?"

ती स्वतः आईशी बोलत होती, आणि ते बोलणं मोंढ्यातल्या व्यापाऱ्यासारखं होतं. धोंडा समोर आला की ती आईला पातळ कबूल करायची. धोंडा टळून पाणी जरा संथ झालं की पातळ परवडायचं नाही, खण देईन, असं सांगायची. पुढं डोह लागला तेव्हा ती नारळावर आली होती. तेवढ्यात पाणी एकाएकी खाली गेलं आणि आम्ही क्षणभर वरच राहिलो. मग आम्हीही गेलो. मधल्या त्या क्षणात आजीनं पातळ, खण, नारळ आणि शिवाय पाच सवाष्णी असं सगळं एका दमात देऊन टाकलं. दांडा माझ्या हातून एका कपारीत अडकला आणि तिथंच राहिला.

मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. मांडीवर पेटी होती, ती दोन्ही हातांनी धरली. अंगाला कोंबड्यांच्या घाणीचा वास, पदरातून निथळणारं पाणी, आणि डोळ्यांपुढं घाटाखालची ती बाई, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आई, मला ह्यातलं काही येत नाही." कितीतरी महिन्यांनी मी तिच्याशी बोलले होते. त्यानंतर ओढा शांत झाला असं मी म्हणणार नाही. धोंडे तेच होते, पाण्याचा आवाज तोच होता. पण काहील धोंड्याला धडकायच्या आत पाणीच तिला बाजूला घेत होतं, आणि मी ते नुसती बघत होते. भीती होती, पण ती माझ्या शेजारी बसली होती, मानगुटीवर नव्हती.

वस्तीची पत्र्याची छपरं दिसली तशी आजी गप्प झाली. तिचं गप्प होणं मला धोंड्यांपेक्षा भयंकर वाटलं. त्या वळणापुढं ओढा एका खोल घळीत कोसळतो, हे तिला ठाऊक होतं. मला नंतर कळलं. इतक्यात काठावरून एक दोर सपकन आला आणि काहिलीत पडला. आजीनं तो झडप घालून धरला, कमरेला गुंडाळला आणि पाय रोवून बसली. दुसऱ्या टोकाला एक दाढीवाला गृहस्थ होता. तो दोरासकट चिखलात बसला, घसरत पाण्यापर्यंत आला, एका झाडाच्या मुळाला पाय अडकवून थांबला. काहील गर्रकन वळून एका धोंड्याला टेकली. त्या धोंड्यावर एक बकरी उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे काहिलीत उडी मारली. आम्ही तिघी काठाला लागलो.

मी त्या गृहस्थाचे पाय धरायला वाकले, तर तो मागं सरला. ईट गावच्या बाजाराला बकऱ्या घेऊन निघालेले ते रहीमचाचा होते. माणूस फार सरळ. म्हणाले, "बाई, खरं सांगतो. दोर म्या बकरीला टाकला हुता. तुमी मधीच आल्या."

आजीनं कमरेचा दोर सोडत त्यांना सांगितलं, "देवीला बकरी काय अन् नर्सबाई काय."

घरात शिरले तेव्हा माझा अवतार असा होता, की कळा देणारी ती पोरगी मला बघून त्या वेदनेतही हसली. पण तपासलं आणि माझं हसू गेलं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. मूल आलं ते निळसर, मुकं. वेढा सोडवला, तोंड साफ केलं, पाठ चोळली. आजी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता ती आईला काहीच कबूल करत नव्हती. मग बाळ रडलं. मुलगी होती. बारीक, चिरका आवाज, पण बाहेर बसलेल्या रहीमचाचांनी तो ऐकला आणि मोठ्यानं देवाचं नाव घेतलं.

धोंडिबा घाटाच्या वाटेनं धावत आला, तेव्हा लेक आजीच्या मांडीवर कधीची झोपून गेली होती. त्याचे पाय सोलवटलेले, आणि म्हातारी वाहून गेली म्हणून रडून रडून डोळे सुजलेले. पुढं त्यानं मला विचारलं, की कडी निखळली नसती तर मी त्याच्याबरोबर त्या वाटेनं वेळेवर पोचले असते का. नसते पोचले. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ऐकणारे विचारतात, बाई, हा चमत्कार म्हणायचा की योगायोग? मी नर्स आहे. मला नाळ कळते, नाडी कळते, हे कळत नाही. मी अजूनही आईकडे मागते, आणि अजूनही पुष्कळदा भलतंच मागते. ती द्यायचं ते तिच्या मनानं देते. मी एवढंच शिकले, की आपल्या हातात दोर आला तर तो कुणासाठी टाकला होता हे विचारत बसायचं नाही. घट्ट धरायचा, आणि काठाला लागल्यावर टाकणाऱ्याला हात जोडायचे. मग तो नको नको म्हणाला तरी.