पाचर धरणारा हात

मास्तर लॅटिन शिकवायचा तेव्हा वर्गात लाकडाचा आवाज चालायचा. 'कुनेउस' म्हणजे पाचर. एक टोक जाड, दुसऱ्याला धार. त्या आकारात शत्रूच्या फळीत घुसणारी सैन्याची तुकडी, तीही कुनेउसच. पुल्लिंगी नाम, दुसरा गण. कुनेउस, कुनेई, कुनेओ, कुनेउम. दर विभक्तीला रूळ टेबलावर आपटायचा. जो चुकेल त्याच्या बोटांवर. एकदा एका पोराचं बोट मोडलं आणि शाळेने मास्तरला हाकललं.

धाकट्या भावाने त्याला आपल्या वखारीत घेतलं. "बघ हं दादा, माझं पोट या हातांवर आहे," एवढंच तो म्हणाला.

वखारीची रीत साधी होती. एकाने ओंडक्याच्या भेगेत लोखंडी पाचर धरायची, दुसऱ्याने घणाचे हलके ठोके देऊन ती बसवायची. मग ठोकणाऱ्याने "सोड" म्हणायचं, हात निघालेला बघायचा, आणि मगच जोर लावून घाव घालायचा.

मास्तर ठोके विभक्तींवर द्यायचा.

"तुमच्या लॅटिनात पाचर पुरुष होय?" पाचर धरून धाकटा हसला. "तरीच. टाळक्यात बसल्याशिवाय हलत नाही."

"नीट धर. कुनेउस. कुनेई."

"त्या पोराचं बोट मोडलं तेव्हा कितवी विभक्ती चालली होती रे, दादा?"

"सोड" न म्हणताच मास्तरने घण डोक्यावर नेला आणि खाली आणला.

लोखंड वाजलं नाही. ओलसर, मऊ आवाज आला. धाकटा चेचलेल्या दोन बोटांकडे बघत राहिला आणि मग गुडघ्यांवर कोसळला. रक्त भेगेत उतरलं.

जखम भरल्यावर तो वखारीत परतला. उजव्या हाताला तीन बोटं. मास्तर कोपऱ्यात भुसा झाडत होता. भावजयीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. धाकट्याने डाव्या हातात घण घेतला.

"पाचर धर."

मास्तर उकिडवा बसला. मूठ आवळली.

दोन हलके ठोके. "सोड."

मास्तरने सोडली नाही. "मार," तो म्हणाला. "फिटून जाऊ दे एकदाचं."

घण वर थांबला. धाकट्याच्या दंडाची शीर तटतटली.

"मनात रोज मारतो मी तुला," तो म्हणाला. "पण हात निघाल्याशिवाय इथे घाव घालत नाहीत. सोड."

मास्तरची मूठ एकेक बोट करत उघडली. घाव बसला. ओंडका फुटला नाही.

"धर परत," धाकटा म्हणाला.