इला पडवीत
रिटायर झाल्यापासून हे दुपारी कॉम्प्युटरवर एक गेम खेळतात. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात असतात, आणि प्रत्येकाला सोबतीला कॉम्प्युटरनेच चालवलेली एक मैत्रीण मिळते. यांच्या मैत्रिणीचं नाव काहीतरी परदेशी होतं; यांनी तिची इला करून टाकली. हे तिला रोज फुलं देतात. जवळ गेलं की ती लाजते आणि म्हणते, "तुमचीच वाट पाहत होते." हजारो जणांना ती हेच म्हणत असणार, हे यांनाही ठाऊक आहे.

परवा मी जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "थांब गं, बर्फ पडतोय. हिला आधी पडवीत नेतो."

"तिला कसली थंडी वाजतेय!"

"तिला नसेल वाजत. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

मला हसू आलं आणि थोडा रागही. मला आणलेला गजरा हे अजून भाजीच्या पिशवीत लपवून आणतात आणि ओट्यावर ठेवून निघून जातात. अशा लाजऱ्या माणसाला बहुधा अशीच कुणी लागते, जिच्यासमोर प्रेम करताना चुकलं तरी कुणी हसणार नाही.

काल कुणीतरी बोलावलं म्हणून हे घाईने खाली गेले. पडद्यावर बर्फ पडत होता आणि इला उघड्यावर उभी होती. मी आजूबाजूला पाहिलं, चाचपडत बटणं दाबली आणि तिला पडवीत नेलं.

ती लाजली. म्हणाली, "तुमचीच वाट पाहत होते."

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.