सात दारच्या पताका

आबेदाला घाबरट म्हणणारा माणूस जुन्नरच्या पेठेत सापडला नसता. कल्हईवाल्या महंमद हनीफची ही बायको, तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख. हिनं शिवलेला ब्लाउज बिघडला म्हणून कुणी बाई आवाज चढवून आली की ही तिच्यावर आवाज चढवायची, आणि ती गेली की गुपचूप उसवून फुकट दुरुस्तही करून ठेवायची. पण दोन नातवंडं मातीआड झाली आणि ह्या बाईच्या काळजाचं पाणी झालं. दोन्ही लेकरं दोन-अडीच महिन्यांची होऊन छाती भरून गेली. तेव्हापासून घरात कुणी नुसतं शिंकलं तरी तिचं शिलाई मशीन थांबायचं.

अठ्ठ्याण्णव साली सून इफरा तिसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली. नारायणगावच्या डॉक्टरांनी ह्या खेपेला आधीच बजावलं होतं, घरात धूर नको, आणि अंगणात कल्हईची भट्टी तर नकोच नको. हनीफनं मुकाट्यानं भट्टी मोडली, भाता खांद्यावर टाकला आणि एसटी स्टँडमागच्या चिंचेखाली जाऊन बसला. आबेदाचा मुलगा नौशाद टेम्पो चालवायचा. त्यानं मागच्या खोलीत प्लायवूड ठोकून बाळासाठी वेगळी खोली काढली आणि तिला पिवळा रंग दिला. पेठेला थट्टेला निमित्तच मिळालं. "दोन खणांचं घर अन् राजकन्येला महाल!" म्हणायचे लोक. म्हणेनात का बापडे, त्यांच्या घरची दोन लेकरं थोडीच गेली होती!

त्या खोलीत इफराला पताका हव्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात तिनं भिंतीवर रंगीत कागदी पताकांची माळ पाहिली होती. आबेदा म्हणाली, "कागद कशाला? मी कापडाच्या शिवते." इथवर सगळं ठीक होतं. पण शेजारच्या प्रयागबाईनं त्यात नाक खुपसलं.

ही प्रयागबाई पेठेतली जुनी माळीण. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर सल्ला फुकट द्यायची. ती म्हणाली, "शिवतीच हायेस तर मागून आणलेल्या चिंध्यांच्या शीव. ज्या आईची लेकरं जगत न्हाईत तिनं न्हाईतर तिच्या सासूनं सात दारं हिंडायची. अनवाणी, पदर पसरून. पोरांच्या अंगावरचं जुनं कापड मागायचं. भिकेचं लेकरू म्हणलं की मरण त्याच्याकडं ढुंकून बघत न्हाई. फकस्त ज्या दारातलं लेकरू गेलंय, त्या दारात पदर पसरायचा न्हाई बघ."

हनीफ ऐकून वैतागला. "आपल्यात असलं काय नाय. अल्लानं दिलंय, तोच सांभाळंल."

"सांभाळंलच की," आबेदा म्हणाली, "पण मी चार चिंध्या मागून आणल्या तर त्याचं काय जातंय?"

हनीफ भाता उचलून चिंचेकडं निघाला. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकू नको म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो.

पण एक अडचण होती, आणि ती आबेदाला पहिल्या क्षणापासून ठाऊक होती. तिच्या घरातून बाहेर पडलं की समोरचंच दार जतनबाईचं.

जतनबाई म्हणजे कापडवाल्या शांतीलाल शेठची बायको. तिच्या सासऱ्यांनी राजस्थानातून येऊन जुन्नरात दुकान मांडलं, आणि आता ह्या लोकांना मराठीशिवाय दुसरं काही धड बोलता येत नव्हतं. आबेदा मंचरहून लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडं काही येत नव्हतं. जतनबाईनंच तिला शिवण शिकायला बसवलं. "नवऱ्याच्या हाताकडं किती दिवस बघशील गं? स्टीलची भांडी आली, कल्हई बुडणार," असं तिनं तेव्हाच ओळखलं होतं. दुकानात कापड घेणाऱ्या प्रत्येक बाईला ती समोरच्या दाराकडं बोट दाखवायची. नौशादच्या जन्मानंतर आबेदाला ताप भरला, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घातलं ते जतनबाईनं. आबेदा तिला भाभी म्हणायची, आणि नुसतं तोंडदेखलं नव्हे.

दोन वर्षांपूर्वी जतनबाईचा चार वर्षांचा नातू संयम तापाचं निमित्त होऊन गेला. पुण्याला नेला तो परत आलाच नाही. त्यानंतर पेठेतल्या बायका बारशाला, डोहाळजेवणाला जतनबाईला बोलावीनाशा झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बोलवायचं राहून जायचं. नात गेली असती तर एक वेळ बोलावलं असतं, पण घराण्याचा एकुलता नातू गेला म्हणजे बाईच्या पायगुणावर बोट. अशा वेळी माणसं इतकी साळसूद होतात की विचारायची सोय नाही! आबेदाला ह्याचा भारी राग यायचा. "दुसऱ्याचं दुःख काय विटाळ हाय का?" असं ती प्रयागबाईला तोंडावर म्हणाली होती. पण तेव्हा वेळ तिच्यावर आली नव्हती.

आता आली. एका सकाळी ती चपला काढून, पदर पुढं घेऊन उंबऱ्याबाहेर पडली. समोर ओट्यावर जतनबाई तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर, आणि सुपाशेजारी एक लहानशी घडी, निळ्या चौकड्यांच्या कापडाची. आबेदानं ती बघितली. संयमचा तो शर्ट तिनंच शिवला होता. प्रयागबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. बातमी समोरच्या ओट्यावर पोचली होती आणि जतनबाई तयारीनं बसली होती.

 आबेदानं मान खाली घातली आणि गटाराच्या कडेकडेनं चालू लागली.

"आबेदा," जतनबाईनं हाक मारली, "चप्पल नाय घातली? भाजतील की पाय."

"घाई हाय भाभी," आबेदा म्हणाली आणि वळलीसुद्धा नाही.

मागून सुपाचा आवाज आला नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत आबेदाला स्वतःची शरम वाटत होती, पण पाय काही मागं फिरले नाहीत. मरो ती शरम, पोरगी जगली पाहिजे, असं ती मनात म्हणत राहिली.

सात दारांनी सात तुकडे दिले. कुणाचं झबलं, कुणाच्या परकराची झालर, कुणाच्या शाळेच्या गणवेशाची बाही. आबेदानं ते उकळत्या पाण्यात घालून धुतले, उन्हात वाळवले, पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्यावर बेतले. जुनं कापड लेचंपेचं, म्हणून प्रत्येकाला मागून मांजरपाटाचं अस्तर लावलं. उलटं शिवून सुलटं केलं, कात्रीच्या टोकानं कोपरे बाहेर काढले, इस्त्री फिरवली. मग लाल उरेब पट्टीत एकेक पताका धरून टीप मारली. उरेब पट्टी म्हणजे तिरकस कापलेली, ओढली तर ताणणारी. माळेला छान झोल येतो. काम देखणं झालं. पण टीप मारताना दर खेपेला तिला निळ्या चौकड्या आठवायच्या आणि ती पायडल जोरानं मारायची.

चाळिसाव्या दिवसाची आंघोळ झाली आणि दुसऱ्या दिवशी माळ लावायची ठरली. प्रयागबाई न बोलावता हजर. नौशादनं पहिला खिळा ठोकला तो प्लायवूडमधून पलीकडं निघाला. "भिंत हाय का पापड?" म्हणून प्रयागबाई हसली. मग त्यानं मागून लाकडाची पट्टी दिली आणि दोन्ही टोकं घट्ट बांधली. माळ आधी पाळण्याच्या बरोबर वर आली होती. आबेदानं ती खिडकीच्या बाजूला सरकवायला लावली, सुटून पोरीवर पडायला नको. खिडकीतून वारं आलं, पताका हलल्या, आणि पाळण्यातल्या पोरीनं डोळे तिकडं लावले. इफराच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. ती एकेका पताकेला हात लावून विचारू लागली, ही कुणाची, ती कुणाची. आबेदा सांगत गेली.

"अन् जतनकाकींची कुठली?" इफरानं विचारलं.

 नौशाद हातोडी घेऊन बाहेर सटकला.

"तिच्याकडनं न्हाई घेत, पोरी," प्रयागबाई म्हणाली. "तिचं लेकरू गेलंय. ज्या दारातलं गेलं त्या दारचं न्हाई चालत."

इफराचा हात माळेवरून खाली आला. ती प्रयागबाईकडं नाही, सासूकडं बघत होती.

"माझी दोन गेली, अम्मी," ती म्हणाली. "मग मी कुठं बसू? हिला दूध मीच पाजते. ते चालतं?"

  रीत ऐकली तेव्हा आबेदानं दारं मोजली होती, पण त्या मोजणीत स्वतःच्या घरातली ही सून कुठं बसते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रयागबाई "तसं नव्हं गं, तसं नव्हं" करत पदराला हात पुसू लागली.

आबेदा तशीच अनवाणी बाहेर पडली आणि जतनबाईच्या ओट्यापुढं पदर पसरून उभी राहिली.

"भाभी, चुकले मी. संयमच्या शर्टाचा तुकडा द्या. माळेला जोडते."

जतनबाई दारात आली. तिनं पसरलेल्या पदराकडं बघितलं, मग आबेदाच्या तोंडाकडं.

"नाय देणार," ती म्हणाली.

"भाभी..."

"ऐक. आज तू जोडशील. उद्या पोरीला नुसतं पडसं झालं तरी तुझी नजर आधी त्या निळ्या तुकड्यावर जाईल. तू तोंडानं काय बोलणार नाहीस, मला म्हाईत हाय. पण बघशील. त्या दिवशी मान खाली घालून गेलीस ना, तीच भीती असंल त्या बघण्यात." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पेठेतल्या सगळ्यांचं मी सोसलं गं. तुझं नाय सोसवत. माझ्या संयमला आता कुणाचं नख लागायला नको. जा तू घरी."

खोटं कसं म्हणायचं? आबेदानं मनात डोकावून बघितलं तर ती भीती तिथंच होती, जशीच्या तशी. जतनबाई म्हणाली ते अक्षर न् अक्षर खरं होतं. रिकामा पदर तिनं खांद्यावर टाकला आणि ती घरी आली.

खोलीत पताका हलत होत्या. इफरा पाळण्याशी बसली होती. आबेदानं पोरीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं. इफरानं नुसतं वर बघितलं. प्रयागबाईनं मात्र, "अगं, कुठं निघालीस तिला घेऊन? आंघोळ होऊन एक दिस झाला न्हाई!" म्हणून दाराशी हात आडवा धरला. आबेदानं तो हात बाजूला केला.

समोरच्या घरात जतनबाई पाठमोरी बसली होती. आबेदा तिच्यासमोर जाऊन खाली बसली आणि पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं.

जतनबाईचे दोन्ही हात वरच राहिले. शिवावं की नाही, असे. मग ते हळूहळू खाली आले आणि एक हात पोरीच्या डोक्याखाली गेला.

तेवढ्यात पोरगी खोकली. एकदा, मग पुन्हा एकदा.

 आबेदाचे हात आपसूक पुढं झाले. जतनबाईनं ते बघितले आणि पोरगी परत द्यायला उचलली.

आबेदानं हात मागं घेतले आणि पाठीशी बांधून धरले. 

"राहू द्या, भाभी," ती म्हणाली. "खोकू दे. तुमच्यापाशीच राहू द्या."